झाडं नको, गवत राहू द्या

गावाच्या ई-क्लासवर झाडं लावू नका, असं भर ग्रामसभेत उभं राहून सांगणं सोपं नसतं. झाडे लावा, झाडे जगवा हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. त्याला कोणी आडवं आलं की माणसं आधी तोंडाकडे पाहतात. मी वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. ग्रामपंचायतीची सदस्य आहे. घरी कोरडवाहू वावर, दोन गाई आणि थोड्या शेळ्या. आमच्या गावाने तणमोर नावाच्या पाखरासाठी गवत राखायचा ठराव केला. तो कसा झाला, कुठे अडला, कोणामुळे सुटला, ते सविस्तर लिहिते आहे. ज्या गावांकडे अजून बरड, म्हणजे मुरमाड गवताळ माळ, शिल्लक आहे, त्यांच्या हे कामी यावं एवढ्यासाठी.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना ई-क्लास हा शब्द ठाऊक नसेल. सरकारच्या मालकीची पण गावाच्या गुरांना चरायला म्हणून राखलेली ही जमीन. बहुतेक गावांत ती मुरमाड, उताराची असते. नांगराच्या कामाची नव्हती म्हणूनच उरली. आमची ई-क्लास गावाच्या उत्तरेला पठारावर आहे. निम्म्याहून जास्त अतिक्रमणात गेली, तिथे आता सोयाबीन आणि तूर उभी असते. उरलेल्या तुकड्यावर पवन्या, मारवेल, कुसळी, तिखाडी आणि अधूनमधून बोरीची झुडपं. सरकारदरबारी अशा जमिनीला पडीक म्हणतात. त्या पडीकावर आमच्या गावची ढोरं पिढ्यान्‌पिढ्या जगली.

रोजगार हमीच्या आराखड्यात याच तुकड्यावर वृक्षलागवड आली. उन्हाळ्यात चर आणि खड्डे खोदायचे, पुढच्या पावसाळ्यात रोपं लावायची, भोवती कुंपण घालायचं. मासिक सभेत विषय वाचला गेला, मंजूर झाला आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

गावाला लागून पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती आहे. तिथले एक म्हातारे बाबा रेशन कार्डाच्या कामासाठी ग्रामपंचायतीत आले होते. सचिव यायचे होते म्हणून आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. बोलता बोलता लागवडीचा विषय निघाला. बाबा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "बाई, त्या बरडावर झाडं लावसान त तनमोर नाचीन कोठी?"

फासेपारध्यांबद्दल गावात काय बोललं जातं ते मला माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायद्यातून निघाला, लोकांच्या मनातून मात्र पुरता निघाला नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी बेड्यावर जाते. पण रानाच्या बाबतीत या माणसांइतकं जाणणारं आमच्या पंचक्रोशीत कोणी नाही. तितराचा आवाज कुठल्या झुडपातून आला, बटेर कोणत्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतरेल, हे बेड्यावरची दहा वर्षांची पोरंही सांगतात. फास लावून पाखरं धरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. बाबांनी काही लपवलं नाही. "आमी खाल्ला त्याले," ते म्हणाले. "माह्या बापानं लय धरले. पन तवा पानी पडलं का बरडावर जिकडे पाहा तिकडे उड्या दिसे. आता आईकाले भेटला तरी जीव खूश होते."

तणमोर हा माळढोकाच्या कुळातला, भारतातल्या त्या कुळातला सगळ्यात लहान पक्षी. नराचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, मादी त्याच्याहून मोठी. एरवी दोघंही वाळल्या गवताच्या रंगाची असतात, पायाजवळ येईपर्यंत दिसत नाहीत. पावसाळा लागला की नराचा रंग पालटतो. मान, छाती, पोट काळंभोर होतं, पंखावर पांढरा पट्टा चमकतो आणि डोक्यामागून लांब बारीक पिसांचा तुरा निघतो, टोकाला रुंद होत गेलेला. मग तो आपली जागा धरतो आणि गवतातून सरळ वर उडी घेतो, माणसाच्या उंचीइतकी किंवा थोडी जास्तच. दिवसाला पाचशेच्या वर उड्या मारणारे नर अभ्यासकांनी मोजले आहेत. मादीने पाहावं आणि दुसऱ्या नराने दूर राहावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

याच उडीने त्याचा घात केला. गवतात दडलेलं पाखरू शिकाऱ्याला सापडत नाही. उडी मारणारं लांबून दिसतं आणि पुन्हा पुन्हा त्याच जागेवर दिसतं. संस्थानिकांच्या आणि गोऱ्या साहेबांच्या काळात पावसाळ्यातली तणमोराची शिकार हा हौसेचा खेळ होता. म्हणजे ऐन विणीच्या दिवसांत, नाचणारे नर टिपायचे. आज तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिकार केली तर तुरुंगवास आहे. बंदुका थांबल्या, तरी पाखरू वाढलं नाही. कारण नाचायला लागणारं गवतच गेलं. पक्षीअभ्यासक रवी शंकरन यांच्या १९९९ च्या पाहणीत देशभरात साडेतीन हजारांच्या आसपास तणमोर असावेत असा अंदाज निघाला होता. २०१७-१८ मधल्या पाहणीनंतर तो आकडा सातशेच्याही खाली आला. २०२१ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. त्याच्यापुढची पायरी रानातून नाहीसं होण्याची.

हे पाखरू आता राजस्थानात अजमेरकडे शोकलिया भागात, मध्य प्रदेशात रतलामजवळ सैलाना आणि धारजवळ सरदारपूरकडे, गुजरातेत वेळावदरच्या गवतात आणि आपल्याकडे मुख्यतः अकोला-वाशीमच्या बरडांवर विणीला येतं. हे ऐकलं तेव्हा मी बाबांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. देशात बोटांवर मोजता येतील अशा जागांपैकी एक आमच्या गुराखी पोरांच्या पायाखाली होती आणि आम्ही तिथे खड्डे खोदायला निघालो होतो.

नुसतं बाबा म्हणतात एवढ्यावर कागद हलत नाही. पुरावा लागतो. जिल्ह्यात पक्ष्यांची पाहणी करणारी काही मंडळी आहेत, त्यांच्याशी एका शिक्षकांमार्फत बोलणं झालं. श्रावणात, चांगला पाऊस होऊन उघडीप पडल्यावर, दोन तरुण आले. पद्धत त्यांनी सांगितली ती अशी: पहाटे किंवा दिवस मावळताना उंचवट्यावर उभं राहायचं, ठरावीक वेळ हलायचं नाही, चारी दिशांना नजर आणि कान ठेवायचा. उडी दिसली की दिशा, अंदाजे अंतर, वेळ लिहायची. गवतात शिरायचं नाही. मादी जमिनीवर अंडी घालते. तीन-चार अंडी, घरटं म्हणजे गवतातला नुसता दाबलेला खळगा. पाय पडला तरी कळणार नाही, आणि मादी एकदा उठली की कावळा टपलेलाच असतो.

आम्ही उजाडायच्या आत पठारावर पोचलो. बाबा पुढे, त्यांच्या मागे मी, मग ती पोरं. गवत गुडघ्याच्या वर आलेलं, पातळं पोटऱ्यांपर्यंत ओलं झालेलं. बाबांनी एका दगडाजवळ बोट दाखवलं आणि खाली बसायला सांगितलं. पोरांच्या दुर्बिणी पूर्वेकडे. बाबा मात्र उत्तरेकडे तोंड करून बसले. म्हणाले, "मागच्या साली अथीच होता. जागा सोडत नाही तो." पहिल्यांदा आवाज आला. बेडकाच्या ओरडण्यासारखा, कोरडा टर्रर्र, आणि त्याच क्षणी गवताच्या वर काळं काहीतरी उसळलं. मान मागे टाकलेली, पाय पोटाशी घेतलेले, पंख इतक्या जोरात हलत होते की पांढरा पट्टा धूसर दिसत होता. एक क्षण तो वर थांबल्यासारखा वाटला आणि पंख मिटून सरळ खाली गेला. दुर्बीण माझ्या हातात येईपर्यंत पुन्हा उडी. पुन्हा त्याच जागी. नंतर दुर्बिणीतून तुऱ्याची पिसं दिसली, खाली येताना मागे वळलेली, आणि गळ्याखालचा पांढरा ठिपकाही. मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. चाळीस वर्षं मी या गावात आहे. आमच्या ई-क्लासवर हे दर पावसाळ्यात होत होतं.

पोरांनी नोंद केली, जागेचा नेमका बिंदू घेतला आणि एक गोष्ट बजावली: जागा कोणाला सांगू नका. फोटोसाठी माणसं गाड्या घेऊन येतात, गवतात घुसतात, नराला जागा सोडायला लावतात. म्हणून मीही इथे गावाचं नाव लिहिलेलं नाही.

कागदांचं काम हिवाळ्यात सुरू झालं. आधी तलाठ्याकडून सातबारा आणि गटाचा नकाशा काढला. अतिक्रमणाच्या नोंदवहीतले उतारे मागितले. मग जैवविविधता समिती. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती असायला हवी आणि तिने लोकांना विचारून गावची जैवविविधता नोंदवही करायला हवी. बऱ्याच गावांत ती घाईघाईने भरून टाकलेली आहे. आमच्या वहीत गाय, म्हैस, आंबा, कडुलिंब, चिमणी एवढंच होतं. आम्ही बेड्यावरच्या बाबांना आणि आणखी दोन म्हाताऱ्यांना बोलावलं. ते सांगत गेले, आशा ताई लिहीत गेल्या. पाखरांचीच यादी पानं भरून झाली. तितर, बटेर, चंडोल, माळटिटवी, भोवत्या, तणमोर. गवताची नावं निघाली, कोणतं ढोर कधी खातं ते निघालं. पारध्यांचं नाव गावाच्या एखाद्या सरकारी वहीत ज्ञान सांगणारे म्हणून लिहिलं जाण्याची ती पहिली वेळ असावी. बाबांनी अंगठा उठवला आणि बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले.

एका कार्यालयात आमचा अर्ज घेऊन गेले तेव्हा साहेब म्हणाले, एका पाखरासाठी एवढं मोठं काम थांबवायचं का? लक्ष्यांक दिलेला असतो, तो गाठावा लागतो. त्यांचंही खरं होतं. मी एवढंच विचारलं की झाडं दुसरीकडे लावली तर लक्ष्यांक भरेल का. ते म्हणाले, ग्रामसभेचा ठराव आणि पर्यायी जागा आणा, पुढे पाठवतो. म्हणजे दार पूर्ण बंद नव्हतं.

आता खरी अडचण सांगते. खड्डे खोदणं म्हणजे मजुरी. उन्हाळ्यात वावरात काम नसतं, तेव्हा रोजगार हमीवर घर चालतं. आणि ती मजुरी सगळ्यात जास्त कोणाला लागते? भूमिहीन बायांना आणि बेड्यावरच्या लोकांना. जे पाखराच्या बाजूने होते त्यांच्याच पोटावर पाय येणार होता. हा प्रश्न सोडवल्याशिवाय ग्रामसभेत जाण्यात अर्थ नव्हता. पक्षी वाचवायला निघालेली चांगली चांगली माणसं इथेच अडखळतात असं माझं मत आहे. ती पाखराकडे पाहतात आणि पाखराच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या चुलीकडे पाहत नाहीत.

आम्ही ग्रामरोजगार सेवकाला घेऊन बसलो. गावतलावात गाळ साचला होता. पांदण रस्त्यांच्या दोन्ही कडा मोकळ्या होत्या. स्मशानभूमी आणि शाळेभोवती सावली नव्हती. तेवढीच मजुरी या कामांत बसते असं हिशेबाने निघालं. झाडं लावायचीच, पण जिथे पूर्वी झाडं होती आणि तुटली तिथे. बरडावर मुळातच झाडं नव्हती. तिथे उंच झाडं आली की त्यांच्यावर ससाणे आणि कावळे बसणार, खालचं गवत सावलीने मरणार, आणि तणमोर मोकळी नजर नसलेल्या जागी उतरत नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती बहुतेकदा सह्यांपुरती होते. या वेळी बायांना मी घरोघर जाऊन सांगितलं की गवताचा विषय आहे, या. गवत म्हटल्यावर आल्या. कारण भारा बायाच आणतात. एकीने सांगितलं, अतिक्रमण वाढल्यापासून भाऱ्यासाठी दुप्पट लांब जावं लागतं. दुसरी म्हणाली, कुंपण घातलं की आपण बाहेर; गवत आत असून नसल्यासारखं. पाखराचं नाव निघायच्या आधीच गवत राखायचं ठरलं. मग मी मोबाइलवरचा त्या पोरांनी काढलेला व्हिडिओ दाखवला. एक म्हातारी म्हणाली, "हा त मी निंदताना पाह्यला हाये. सोयाबीनच्या तासातून पळते, उडत नाही."

१ मेच्या ग्रामसभेला मारुतीच्या पाराजवळचा मंडप भरला होता. विरोध झाला आणि तो नुसता विरोधासाठी नव्हता. एका काकांनी विचारलं, गवत राखलं तर रोही वाढतील, आमच्या तुरीचं काय? रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, त्रास आमच्याकडे खरंच भारी आहे, रात्र रात्र जागलीला जावं लागतं. मी खोटं आश्वासन दिलं नाही. सांगितलं की रोही आजही आहेत, ओढ्याच्या काटवनात बसतात. कुंपण घातलेल्या झाडीतही बसतीलच. पठाराला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांनी जागलीचे गट करावेत, ग्रामपंचायत टॉर्चची सोय करील. काकांचं पूर्ण समाधान झालं नाही, ते आजही तो मुद्दा काढतात आणि त्यांना काढू द्यावा.

दुसऱ्या एका भावाने विचारलं, तुमी झाडाच्या विरोधात आहात का? उत्तर बाबांनी दिलं. मागे उभे होते, पारधी लोक ग्रामसभेत मागेच उभे राहतात. म्हणाले, "झाडाचं पाखरू झाडावर राह्यते, गवताचं पाखरू गवतात. तुमी माह्या घरात तुमचं घर बांधसान त मी कोठी जाऊ?" सरपंचांनी त्यांना पुढे येऊन बसायला सांगितलं.

मी दोनच गोष्टी जोडल्या. वरोरा-भद्रावतीकडे वावरांत माळढोक होते, आपल्या विदर्भातले शेवटचे म्हणून माणसं दुरून पाहायला यायची. ते हाताबाहेर गेले. आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनी राखायला सांगणारा निकाल दिला आहे. ई-क्लास वाचवणं हे गावाच्या हक्काचं काम आहे, कोणावर उपकार नाही. हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

ठरावात आम्ही नियम लिहिले आणि ते लिहितानाच सगळ्यात जास्त वाद झाले. मृग लागल्यापासून वरच्या पठारावर चराई बंद. पण ज्यांच्याकडे जमीन नाही, नुसत्या शेळ्या आहेत, त्यांनी चार महिने जावं कुठे? म्हणून ओढ्याकडचा खालचा पट्टा शेळ्यांसाठी मोकळा ठेवला. तिथे उतार आहे, गवत कमी आणि झुडपं जास्त. तणमोर तिथे नाचत नाही असं बाबांनी आधीच पाहून सांगितलं होतं. कुत्री सोबत न्यायची नाहीत. गवताला आग लावायची नाही.

कापणीवर गाडी अडली. पाखराच्या हिशेबाने जितकं उशिरा कापाल तितकं बरं. पण कुसळी हे गवत पिकलं की त्याला टोकदार कुसळं येतात, ती जनावरांच्या तोंडात आणि शेळ्यांच्या कातड्यात रुततात. दिवाळीपर्यंत थांबलं तर कुसळीचा चारा वाया जातो. बायांनी हे ठासून सांगितलं आणि त्यांचं बरोबर होतं. पिल्लं बहुतेक भाद्रपद संपेपर्यंत चालती-फिरती होतात. म्हणून असं ठरलं: घट बसले की कडेचा कुसळीचा पट्टा विळ्याने कापायचा, मशीन नाही, पवन्या आणि मारवेल मात्र बी झडल्यावर, दिवाळीनंतर. त्यातही एक तुकडा आळीपाळीने दरवर्षी न कापता ठेवायचा. कापलेल्या गवताची हर्रास करायची नाही, कारण हर्रास झाली की पैसेवाला सगळं उचलतो. ज्या घरी ढोर आहे त्या घराला भाऱ्यामागे ठरलेली रक्कम भरून मिळेल, आणि त्या पैशातून बेड्यावरच्या दोन तरुणांना पावसाळाभर राखणीची मजुरी.

लागवड दुसरीकडे हलवल्याचं पत्र पेरणीच्या तोंडावर आलं. तलावाचं काम सुरू झालं होतं, मजुरी चालू होती, त्यामुळे कुरबूर झाली नाही.

पुढचा पावसाळा आर्द्रा कोरडी गेल्याने उशिरा लागला. तणमोर पावसावर चालणारं पाखरू आहे. गवत वाढलं नाही तर नर नाचत नाही, जागा बदलून दूर निघून जातो. जुलैभर राखणीची पोरं रोज जायची आणि मान हलवत परत यायची. पुष्याच्या पाण्याने गवत उठलं तेव्हा पहिला टर्रर्र ऐकू आला. जुन्याच जागी एक नर आला आणि काही दिवसांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरा.

माझ्या समजुतीने त्याहून मोठी गोष्ट एका वावरात झाली. पठाराला लागून असलेल्या सोयाबीनमध्ये निंदणाऱ्या बायांच्या पायाजवळून मादी उठली. खाली अंडी होती, हिरवट-पिंगट रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. महिला सभेत आलेल्याच बाया त्या. त्यांनी हात लावला नाही, तिथली तासं तशीच सोडली आणि मालकाला सांगितलं. मालक गोंधळला. दोन दिवसांनी अळीची फवारणी ठरलेली होती. बाबा आणि मी त्यांच्याकडे गेलो. बाबांनी साधा हिशेब मांडला: अंडी तीन आठवड्यांत फुटतात, पिल्लं लगेच मादीमागे चालू लागतात, सोयाबीनची सोंगणी त्याच्या किती तरी नंतर. म्हणजे वावर सोडायचं नाही, पीक सोडायचं नाही. घरट्याभोवतीचा छोटा तुकडा तीन आठवडे डवरायचा नाही, निंदायचा नाही, फवारायचा नाही, बस. आणि तणमोराचं खाणं म्हणजे नाकतोडे, भुंगेरे, अळ्या. औषध मारलं की त्याचं ताटच रिकामं होतं. त्या तुकड्यातलं नुकसान गवताच्या भाऱ्यात भरून द्यायचं ठरलं. रतलाम भागात तणमोराची खबर देणाऱ्या आणि तो राखणाऱ्या शेतकऱ्यांना वनविभाग बक्षीस देत आला आहे; आपल्याकडे अशी पद्धत लागली तर ग्रामपंचायतीवर भार येणार नाही. मालकाने चार काठ्या रोवून तुकडा आखला. पोळ्याच्या सुमारास राखणीच्या पोरांनी मादीमागे दोन पिल्लं धुऱ्याच्या गवतात जाताना पाहिली.

सगळं जमलेलं नाही. बेवारस कुत्र्यांची टोळी पठारावर फिरते आणि तिच्यावर आमच्याकडे उपाय नाही. अतिक्रमणाची मोजणी अजून बाकी आहे. सोयाबीनवरचं तणनाशक धुऱ्यावरही मारायची सवय सुटत नाही, आणि धुऱ्यावरचं गवत हेच पठार आणि वावरं यांच्यामधली पिल्लांची वाट आहे. बेड्यावर मात्र त्यांच्या पंचांनी स्वतःहून बंधन घातलं: तणमोराला फास लावेल त्याला जातीत दंड. आमच्या ठरावापेक्षा तो नियम जास्त पाळला जातो. तितर-बटेरावर बंधन घाला म्हणून सांगणाऱ्यांनी त्या घरांना आधी उन्हाळ्यातली मजुरी द्यावी. या हिवाळ्यात बाबांनी बायांना सोबत घेऊन पवन्याचं बी हाताने गोळा केलं, कुसळी कापलेल्या पट्ट्यावर टाकायला.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावच्या सरपंच ताईंनी ठरावाची नक्कल मागितली. त्यांच्याही ई-क्लासवर लागवड येते आहे. मी नक्कल दिली आणि आम्ही सोडलेली दोन कलमं पेनाने वाढवून दिली: पठाराला लागून असलेल्या धुऱ्यांवर तणनाशक मारायचं नाही, आणि राखणीची मजुरी गवत विकलं जायच्या आधीच, पावसाळ्यात महिन्याच्या महिन्याला द्यायची. त्यांची ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे. बाबांना घेऊन मी जाणार आहे.